अर्धा एकर मलबार नीम

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या उताराला असलेल्या एका गावातली ही गोष्ट. गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव देत नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, इथेही तेच चालेल. जमीन चार एकर, पण एकसारखी नाही. वरच्या अंगाला दीड एकर बरड, म्हणजे उथळ मुरमाड, खाली ओढ्याकडे अडीच एकर काळी. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि बोअरचा भरवसा नाही. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत ज्वारी नाहीतर हरभरा. पोरगा चाकणला कंपनीत. घरी अण्णा, काकू आणि दोन म्हशी.

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पोरगा माझा विद्यार्थी होता, त्यामुळे त्या घरात मी ‘सर’. शेतीतलं मला अण्णांपेक्षा कमी कळतं हे दोघांनाही ठाऊक आहे, तरी कागदावरचं काही आलं की ते माझ्याकडे येतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत असाच एक कागद आला. एका रोपवाटिकेचा माणूस गावात फिरून गेला होता. चकचकीत पत्रकावर मलबार नीमचे, म्हणजे मिलिया डुबियाचे, सरळसोट बुंधे. प्लायवूडला चालणारं हे झाड खरोखरच झपाट्यानं वाढतं, त्यात खोटं काही नाही. पण पत्रकात त्याच्या पुढचं लिहिलं होतं: हवेत कार्बन वाढतोय, कार्बन हे झाडाचं अन्न, म्हणून आता झाडं पूर्वीच्या दुप्पट वेगानं वाढतात. दहा बाय दहा फुटांवर एकरी ४३५ रोपं लावा, सहाव्या वर्षी तोड, शिवाय झाडांनी साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटचे पैसे वेगळे. चार एकरांची १,७४० रोपं होतात हे त्यानं अण्णांना हिशेब करून दिलं होतं. कर्ज कुठून काढायचं तेही सांगितलं होतं.

“सर, हवेतून फुकटचं खत पडायलंय म्हणं. खरंय का?”

प्रश्न

दावा सरळ खोटा असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. अडचण अशी की तो अर्धा खरा होता.

अण्णांची नड वेगळीच होती. मजूर मिळत नाही, पोरगा परत येणार नाही, सोयाबीनचा भाव आणि पाऊस दोन्ही बेभरवशाचे. कमी माणसांत उभं राहणारं पीक त्यांना हवं होतं. त्यामुळे ‘झाडं लावावीत का’ हा प्रश्नच नव्हता. किती लावायची, कुठे लावायची आणि कोणत्या भरवशावर, हा होता. हवेतल्या कार्बनच्या भरवशावर चार एकर गुंतवायचे का, एवढंच मला तपासायचं होतं.

दाव्यातलं खरं किती

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे कर्बवायूचे, साधारण २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे.

झाडाला याचा फायदा होतो, त्यामागचं कारण जरा गमतीचं आहे. पानात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) कर्बवायू पकडायचं काम करतं, पण ते फार चोखंदळ नाही. कर्बवायूच्या जागी ते अधूनमधून ऑक्सिजनच धरून बसतं आणि झाडाची मेहनत वाया जाते. ऊन वाढलं की ही चूक जास्त होते. हवेत कर्बवायू वाढला की चूक कमी होते. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि जवळजवळ सगळी झाडं याच गटातली. ज्वारी, मका आणि ऊस यांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवली आहे. ती पानाच्या आत कर्बवायू आधी साठवून दाट करतात आणि मगच रुबिस्कोपुढे ठेवतात. त्यामुळे हवेतल्या वाढीचा त्यांना थेट लाभ फारसा नाही.

“म्हंजी ज्वारी आधीपासूनच हुशार हाय,” अण्णा म्हणाले. वर्गात मी हे दोन तास शिकवतो.

मग माणसानं मुद्दाम जास्त कर्बवायू सोडून उघड्यावरच्या झाडांचं काय होतं ते पाहिलं का? पाहिलं आहे. झाडांभोवती गोलाकार खांब उभे करून वर्षानुवर्षं वायू सोडण्याचे प्रयोग अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात झाले. तरुण झाडांच्या चार प्रयोगांचा २००५ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा ५५० भागांच्या हवेत उत्पादकता साधारण २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पत्रकवाल्यांचा आनंद बहुधा इथूनच सुरू होतो. इटलीत तुस्कानिया गावाजवळ पॉप्लर ह्या झपाट्यानं वाढणाऱ्या झाडावर प्रयोग झाला, तिथेही वाढ चांगली टिकली. पण ती सुपीक शेतजमीन होती आणि झाडांना ठिबकचं पाणी होतं.

पुढचं पत्रकात नसतं. त्या चारांपैकीच एक प्रयोग अमेरिकेतल्या ओक रिजचा, स्वीटगम झाडांचा. तिथे २००१ ते २००३ मध्ये २४ टक्के असलेली जादा वाढ २००८ पर्यंत ९ टक्क्यांवर आली. जमिनीतलं नत्र (नायट्रोजन) पुरेना. सिडनीच्या पश्चिमेला प्रौढ निलगिरीच्या रानात १५० भाग जादा वायू सोडला, तिथली माती स्फुरदाला (फॉस्फरसला) गरीब. झाडांनी हवेतून १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला, पण बुंधे काही जाड झाले नाहीत. घेतलेला कार्बन मुळांवाटे, मातीतल्या जीवांवाटे पुन्हा हवेत गेला. पाहुणा आला, जेवला, निघून गेला.

आमच्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यामुळे घातलेलं स्फुरद अडकून बसतं. नत्र आणि सेंद्रिय कर्ब तर कमीच. म्हणून सिडनीचं उदाहरण मला तुस्कानियापेक्षा जवळचं वाटलं.

अण्णांना मात्र यापैकी काहीच पटलं नाही. पटलं ते पत्रकाच्या पाठीवर केलेल्या हिशेबानं. या प्रकरणातला पहिला वळणबिंदू तोच, म्हणून जसाच्या तसा देतो. हवेतला कर्बवायू वर्षाला साधारण अडीच भागांनी वाढतो. झाडं आठ वर्षं उभी राहिली असं धरलं, तर वाढ वीस भागांची. प्रयोगात सुमारे १७५ भागांच्या उडीला २३ टक्के मिळाले होते. मग वीस भागांना किती? अडीच टक्के, तेही नत्र-पाण्याची काही कमी नसेल तर. एकरात ४३५ झाडं असतील तर अकरा झाडांइतकं लाकूड.

“अकरा?” अण्णांनी पत्रक उलटं करून पुन्हा पाहिलं. “आवो, अकरा झाडं तर वाळवीच खाती.”

हिशेब ढोबळ आहे हे मान्य. वनस्पती असं सरळ भागाकारानं वागत नाही. पण ‘दुप्पट’ आणि ‘अडीच टक्के’ यांच्यातलं अंतर कोणत्याही बारकाव्यानं भरून निघत नाही.

कार्बन क्रेडिटचंही तसंच केलं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कर्बवायू. शंभर किलो कोरड्या लाकडात सुमारे पन्नास किलो कार्बन असतो, आणि तेवढा कार्बन म्हणजे १८३ किलो कर्बवायू. एवढ्या लाकडाची पाच-सहा झाडं धरली तर एक क्रेडिट होतं. त्यातून मोजणी, पडताळणी आणि मधल्या माणसाचा वाटा जायचा. आणि सहाव्या वर्षी तोडायचं म्हणत असाल तर साठवलेला कार्बन राहिला कुठे? झाडांच्या वार्षिक वलयांवरून झालेल्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात वेगानं वाढणारी झाडं लवकर मरतात असं दिसलं, म्हणजे वेगाचा सगळाच फायदा साठ्यात उतरत नाही. अण्णांनी त्या माणसाकडे कराराचा कागद मागितला. जमीन किती वर्षं अडकणार, हे त्यांना वाचायचं होतं. कागद आजपर्यंत आलेला नाही.

समोरचे पर्याय

चारही एकर मलबार नीम लावणं हिशेबानंतर मागे पडलं. काहीच न लावणं काकूंना पसंत होतं, कारण म्हशींना कडबा लागतो आणि मलबार नीम म्हशी खात नाहीत असं त्यांचं म्हणणं. निलगिरीचं नाव पोरानं फोनवर काढलं. विहिरीचं पाणी पाहता मी नको म्हणालो. बांबूवरही बोलणं झालं, पण ओढ्याकाठी रानडुकरं फार, कोवळे कोंब राहत नाहीत असा शेजाऱ्याचा अनुभव होता.

उरला मधला मार्ग. अर्धा एकर मलबार नीम, बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), बाकी रान आहे तसं. गिरिपुष्प मी आग्रहानं सुचवलं. मुळांवरच्या गाठींतून ते हवेतलं नत्र स्वतः मिळवतं. कर्बवायू वाढला आणि नत्र कमी पडलं की इतर झाडं अडतात, तिथे अशी झाडं सहसा पुढे जातात. शिवाय छाटलेला पाला सोयाबीनच्या रानात घालता येतो. विदर्भ-मराठवाड्यात बांधावर ते लावा असं कृषी खातं पूर्वीपासून सांगत आलं आहे.

काय केलं

एप्रिलमध्ये तीन ठिकाणी खड्डे घेतले. बरडावर दीड फुटाला पांढरट मुरूम लागला आणि पहार खणखणली. मधल्या उतारावर चार फूट माती, खाली भुसभुशीत मुरूम. ओढ्याकडच्या काळीत सहा फुटांपर्यंत काळीच, खालचं ढेकूळ हातात घेतलं तर साबणाच्या वडीसारखं कापलं जायचं. माती तपासून आणली: सामू (pH) ८.२, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद कमी, पालाश भरपूर. मराठवाड्यात याहून वेगळा अहवाल क्वचितच येतो.

जागा मी निवडली. सर्वांत खोल माती ती सर्वांत चांगली, म्हणून ओढ्याकडची काळी. अण्णा मधल्या उताराकडे बोट दाखवत होते. “सर, खाली पाणी थांबतंय,” ते दोनदा म्हणाले. आमच्याकडे पाणी थांबत नाही हीच तक्रार असते, असं काहीतरी मी हसत बोललो. या प्रकरणातला हा दुसरा निर्णय, आणि तो चुकला. त्याकडे पुढे येतोच.

अंतर दहा बाय दहाऐवजी बारा बाय बारा फूट ठेवलं. अर्ध्या एकरात १५१ रोपं बसली. जुलैत लागवड झाली, खड्ड्यात शेणखत आणि सुपर फॉस्फेट घातलं, ठिबकची जुनी लॅटरल, म्हणजे नळी, फिरवली. मधल्या पट्ट्यात पहिली दोन वर्षं उडीद नि हरभरा. पहिल्या पावसाळ्यानंतर झाडं अशी उठली की रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून बघायचा. त्या उत्साहात मी ठिबकमधून युरिया चालू ठेवायला सांगितलं. कारण माझ्या डोक्यात ओक रिज होतं: नत्र कमी पडलं की वाढ थांबते, तर नत्र कमी पडू द्यायचं नाही.

बारा झाडांना छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. महिन्याच्या पहिल्या रविवारी शिंप्याच्या टेपनं घेर मोजायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा. हे काम काकूंनी आपणहून घेतलं. म्हशीच्या दुधाचा हिशेब आणि झाडांचा घेर एकाच कॅलेंडरात असतो, त्यामुळे वाचताना जपावं लागतं.

काय झालं

पहिल्या उन्हाळ्यात १४ झाडं गेली, बहुतेक वाळवीनं. अण्णांचं भाकीत अकराचं होतं.

२०२२ च्या मे महिन्यात वळवाचा वारा आला आणि सतरा शेंडे मोडले. मोडलेला शेंडा मी हातात घेतला तर मधला भाग भोपळ्याच्या देठासारखा, पाण्यानं भरलेला. युरियानं लांबवलेली, बळ न धरलेली वाढ होती ती. शेंडा मोडला तिथून झाडाला दोन फाटे फुटले. प्लायवूडवाल्याला सरळ सोट हवा असतो, त्याच्या लेखी ती झाडं तिथेच संपली. ओक रिजचा धडा मी पाठ केला होता, पण तो तिथल्या झाडांचा होता, दहा महिन्यांच्या रोपांचा नव्हता.

२०२३ चा ऑगस्ट मात्र मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. १९०१ पासूनचा देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. आमच्याकडे पोळ्याला ढेकळं तशीच होती. विहिरीचं पाणी सोयाबीन वाचवायला गेलं, झाडांचं ठिबक बंद. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी काकूंनी बाराच्या बारा झाडांचा घेर मोजला आणि ऑगस्टच्या चौकटीतले तेच आकडे पुन्हा लिहिले. एका सुताचाही फरक नव्हता. मी टेप मागून घेतली, स्वतः मोजलं. तेच.

त्या महिन्यात हवेतला कर्बवायू त्याआधीच्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा जास्तच होता. अन्न दारात होतं, पण दार बंद होतं. पानाच्या खालच्या बाजूची रंध्रं उघडली तरच वायू आत येतो, आणि ती उघडली की पाणी बाहेर जातं. मुळांना पाणी नसलं की झाड रंध्रं मिटून बसतं. इथे एक गोष्ट दाव्याच्या बाजूनंही सांगायला हवी: हवेत कर्बवायू जास्त असला की रंध्रं थोडी कमी उघडूनही भागतं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात झाड जास्त काम करतं. कोरडवाहू भागाला याचा उपयोग असायला हवा, आणि काही प्रमाणात असतोही. पण पानं वाढली की वाचलेलं पाणी तीच पिऊन टाकतात, आणि तापलेली कोरडी हवा उरलेलं ओढून घेते. त्याच वायूनं हवा तापते, हे पत्रकात कुठेच नव्हतं.

२०२४ ला पाऊस बरा झाला, घेर पुन्हा चढला.

मग २०२५ चा सप्टेंबर. मराठवाड्यात तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ओढ्यानं पात्र सोडलं. अण्णांच्या खालच्या रानात नऊ दिवस पाणी उभं होतं. सोयाबीन कुजलं. मलबार नीमची पानं आधी पिवळी पडली, मग गळाली. आम्हाला वाटलं फुटतील. काही फुटली, ३५ फुटली नाहीत. मेलेलं एक झाड उपटलं तेव्हा मुळांना गटारीचा वास येत होता. ती मुळं पाण्याखाली गुदमरली होती. अण्णा काही बोलले नाहीत. “खाली पाणी थांबतंय” हे त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायची गरज नव्हती.

आज १०२ झाडं उभी आहेत. बांधावरची गिरिपुष्पं जवळजवळ सगळी जगली. बरडाच्या कडेला आपोआप उगवलेल्या बाभळींना तर पूर, दुष्काळ, माझा सल्ला, कशानंच काही झालं नाही. लाकडाचा एक रुपयाही अजून हातात आलेला नाही. कर्जही नाही, ही जमेची बाजू. चारही एकर लावले असते तर काय झालं असतं, हा विषय त्या घरात निघत नाही. फोनवर पोरगा एकदा म्हणाला, “सर, बरं झालं हिशेब केला,” आणि लगेच दुसरं बोलायला लागला.

पुन्हा करायचं झालं तर

जागा मधल्या उतारावर घेईन. मातीची खोली मी मोजली, निचरा मोजला नाही. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून सकाळपर्यंत किती राहतं एवढं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. त्याहून सोपं म्हणजे अण्णांचं ऐकायचं.

पहिल्या वर्षी युरिया देणार नाही. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि स्फुरद पुरेसं आहे.

घेणारा आधी शोधीन. प्लायवूडचा कारखाना किती लांब, गाडीभाडं किती, किती घेराचं आणि किती फूट सरळ लाकूड लागतं, हे आम्ही चौथ्या वर्षी विचारलं. व्यापारी येऊन बघून गेला. फाटे फुटलेली झाडं त्यानं मोजलीसुद्धा नाहीत. तोडीची परवानगी लागते का, वाहतूक पास लागतो का, हेही लागवडीआधी वनविभागाकडे विचारायचं काम आहे.

टेपची मोजणी मात्र पुन्हा करीन, आणि जास्त झाडांवर. बारा झाडं कमीच. शिवाय सगळी एकाच जागची, बरडावर चार झाडं लावून ठेवली असती तर तुलना झाली असती.

गेल्या महिन्यात कॅलेंडर घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट नजरेत आली. पट्टा मारलेल्या बारांपैकी आठ जिवंत आहेत. त्यातल्या तिघांच्या शेजारची झाडं पुरात मेली. पाणी ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानगळ होईपर्यंत या तिघांचा घेर बाकी पाचांपेक्षा स्पष्ट जास्त वाढला. जागा मोकळी झाली, ऊन मिळालं, मुळांना वाटेकरी उरला नाही. अण्णांना ते आकडे दाखवले. व्यापाऱ्यानं नाकारलेली फाट्यांची झाडं तोडून उरलेल्यांना मोकळीक द्यावी, असं मी सुचवलं. ते चुन्याचं डबडं घेऊन गेले आणि तेरा झाडांवर फुल्या मारून आले. कुऱ्हाड अजून लावलेली नाही.

“ते रोपवाल्याचं माणूस आता आलं,” ते म्हणाले, “तर ही तीन झाडं दाखवून सांगल, बघा, कार्बननं वाढायलेत.”